अवयव हाती नसताना संख्या संयुक्त कशी? सांगलीच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की २ चा ६७ वा घात वजा १ ही एकवीस अंकी संख्या मूळ नाही, हे फ्रेंच गणिती एदुआर लुकासनं १८७६ मध्ये सिद्ध केलं. अवयव मात्र १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक कोलनं दिले. त्यावर तुमचं म्हणणं, "अवयव दाखवता येत नाहीत तोवर संयुक्त म्हणायचं नाही. दहावीच्या पेपरात असं कुणी लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

शून्य देऊ नका, सर. तुमच्याच पिढीनं आम्हाला नवाचा ताळा शिकवला: प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज करून नवानं भागायचं आणि गुणाकार बाक्यांवर पडताळायचा. माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीवर दिवाणजी होते. हळदीच्या पट्टीवर गुणाकार झाला की आधी ताळा, मग सही. ताळा जुळला नाही तर गुणाकार चुकला, एवढं पक्कं. कुठला अंक चुकला ते ताळा सांगत नाही, पण म्हणून "चूक दाखवा, तरच मानतो" असं मामा कधी म्हणाले नाहीत.

मूळ संख्यांनाही असा ताळा आहे. फ्रेंच गणिती फर्मानं १६४० मध्ये सांगितलेला नियम घ्या: विषम मूळ संख्येपेक्षा एकनं कमी इतका २ चा घात करून त्याच संख्येनं भागलं, की बाकी १ च उरते. आता ९१ बघू. २ चा १२ वा घात ४०९६ आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणजे बाकी १. आपल्याला ९० वा घात हवा. ९० म्हणजे बारा साते चौऱ्याऐंशी आणि वर ६, म्हणून बाकी २ चा ६ वा घात, ६४. एक नाही. ९१ मूळ नाही. सात आणि तेराला मी हातही लावला नाही.

उलट बाजूनं मात्र भरवसा नाही. ३४१ हा ताळा बिनबोभाट पार करते (२ चा १० वा घात १०२४, त्यातून ३४१ × ३ = १०२३ वजा केले की बाकी १; आणि ३४० ही दहाची चौतीस पट), आणि तरी ती ११ × ३१ आहे. नवाच्या ताळ्याचंही तेच. जुळला म्हणजे बरोबरच असं नाही.

लुकासचं मोठेपण इथे आहे. २ चा घात वजा १ अशा संख्यांसाठी त्याच्या कल्पनेतून दोन्ही बाजूंनी चालणारी कसोटी मिळाली. अमेरिकन गणिती लेहमरनं १९३० च्या सुमारास सोपं केलेलं तिचं रूप असं: ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या, पुन्हा तेच. ३१ साठी (२ चा ५ वा घात वजा १) १४, मग ८, मग ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. ६७ साठी पासष्ट पायऱ्या, आणि शेवटी शून्य येत नाही. हातानं करायला कंटाळवाणं आहे, पण अवयव शोधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

अवयव हवेतच ना? १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. अंकांच्या बेरजा ३७, ६४ आणि १०९. नवानं भागून तिन्हींची बाकी १. ताळा जुळतो. (तेवढ्यावर विसंबू नका, पूर्ण गुणाकार करा!)

"याचा उपयोग काय" हे तुम्ही जाता जाता विचारलंत, म्हणून मीही जाता जाता सांगतो. आरएसए ही संदेश गुप्त ठेवण्याची एक पद्धत. तिच्यासाठी आव्हान म्हणून जाहीर केलेली आरएसए-२०४८ ही ६१७ अंकी संख्या संयुक्त आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, अवयव जाहीरपणे कुणी दिलेले नाहीत. आरएसए पद्धतीची सुरक्षितता याच दरीवर उभी आहे.

आणि तुमच्या नियमाला एक पेच. २ चा १०४८५७६ वा घात अधिक १ ही संख्या घ्या. १०४८५७६ हा स्वतः २ चा २० वा घात, म्हणून हिला विसावी फर्मा संख्या म्हणतात. अंक ३,१५,६५३. ती मूळ नाही हे १९८७ पासून माहीत आहे, अवयव एकही सापडलेला नाही. तुमच्या हिशेबानं ती ना मूळ, ना संयुक्त. वर्गात तो मान आपण एकट्या १ ला देत आलोय.