नवऱ्याला जरा बाजूला उभं करा

परदेशी मुलाशी लग्न करून त्याच्या गावी राहायला निघालेल्या मुलीला आपल्याकडे सगळे एकच धीर देतात. "नवरा तिथलाच आहे ना, मग कसली काळजी? तो बघेल सगळं." माझ्या आईनेही मला हेच सांगून विमानात बसवलं. जर्मनीत स्टुटगार्टमध्ये संसार मांडल्यापासून माझं मत मात्र दिवसेंदिवस पक्कं होत गेलंय: नवऱ्याने सगळं बघणं, हीच काळजीची गोष्ट आहे.

आयटीतली नोकरी घेऊन आलेलं मराठी जोडपं दोघंही नवखं असतं. दोघं मिळून चुकतात, दोघं मिळून शिकतात. आमच्यासारख्या घरात एकाला सगळं ठाऊक आणि दुसरीला काहीच नाही. डॉक्टरची वेळ घ्यायची, फोन तो करतो. घरमालकाचं पत्र आलं, तो वाचतो. जिन्यात शेजारीण भेटली की ती त्याच्याशी बोलते, आपण बाजूला नुसत्या हसत उभ्या. तो हे सगळं प्रेमापोटीच करतो, म्हणून तर नको म्हणणंही जड जातं. पण अशी वर्षं गेली की त्या गल्लीत आपली ओळख 'त्याची भारतीय बायको' एवढीच उरते. मी अशा बायका पाहिल्यात. हुशार, शिकलेल्या, आणि बेकरीत एकट्या जायला घाबरणाऱ्या. फार वाईट वाटतं.

सरकार आमच्याकडून बरंच काही मागतं. जर्मन नागरिकाची बायको म्हणून व्हिसा हवा असेल, तर मोजके अपवाद सोडता, निघण्याआधीच ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन यावं लागतं. 2007 पासूनचा नियम आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, येणाऱ्या इंजिनिअरच्या बायकोला ही अट नाही. हा दुजाभाव मला पटत नाही, तरी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनातल्या वर्गांचा मला उपयोग झाला हेही खरं. इथे आल्यावर इंटिग्रेशन कोर्स, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचे सरकारी वर्ग: साधारण 600 तास भाषा आणि 100 तास देशाची ओळख. संविधान, संसद, नाझी काळ, सगळं नीट शिकवतात आणि ते शिकवायलाच हवं. शेजार कसा जोडायचा, हे मात्र आपलं आपणच शिकायचं.

पहिली गोष्ट दाराची. इथे इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव, तोच पत्ता. मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं होतं. माझ्या बँकेच्या कार्डाचं पाकीट पोस्टमनने परत पाठवलं, कारण त्याच्या लेखी त्या नावाचं तिथे कुणी राहतच नव्हतं. त्या संध्याकाळी मी माझ्या नावाची पट्टी स्वतः कापून लावली. नव्या मुलींनो, बॅगा उघडायच्या आधी हे करा.

दुसरं म्हणजे, तुमच्याकडे कुणी येईल म्हणून वाट पाहू नका. ठाण्याला आमच्या शेजारी नवं बिऱ्हाड आलं की सामान उतरायच्या आत आई चहाचा थर्मास घेऊन दारात हजर. "पाणी आलंय का? काही लागलं तर सांगा हं." इथे तसं कुणी येत नाही. त्याचा अर्थ माणसं तुसडी आहेत असा नाही. नव्या माणसाला त्रास नको, असा त्यांचा विचार असतो. नव्याने आलेल्यानेच बेल वाजवून 'आम्ही राहायला आलोय' असं सांगायची इथली रीत आहे. माझा आग्रह असा की ही बेल वाजवायला एकटीनेच जावं. मी नारळाच्या वड्या घेऊन गेले. नवरा यायला निघाला होता, त्याला घरी बसवलं. वरच्या मजल्यावरच्या आजी निवृत्त शिक्षिका. मुंबईजवळची म्हटल्यावर म्हणाल्या, "मुंबई तर आमचं भगिनी शहर!" (1968 पासून आहे.) पुढचा प्रश्न थेट: "तुमच्या घरातून केअरवोखं कोण करणार?"

केअरवोखं म्हणजे श्वाबेन भागातली, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशातली, साफसफाईची पाळी. स्टुटगार्टच्या 1492 च्या शहर-नियमांपर्यंत तिची मुळं सांगतात. महापालिकेने 1980 च्या दशकाच्या शेवटी तिची सक्ती काढली, तरी भाडेकरारांत आणि लोकांच्या हाडांत ती आहेच. पाळी असेल त्याच्या दाराला पाटी लटकते. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना आपण झाडायचा, पुसायचा. मोठी पाळी असेल तर फाटकासमोरचा फुटपाथ आणि कचऱ्याच्या डब्यांची जागाही. थंडीत बर्फ पडलं की कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत ते बाजूला सारून वाट मोकळी करायची.

मी म्हटलं, "मी करणार." नवरा मागाहून म्हणाला, अगं मी करतो की. मी ठाम नाही म्हटलं. पहिल्या शनिवारी आजी वरून उतरल्या आणि मला दाखवू लागल्या. वरच्या पायरीपासून खाली यायचं. आधी पायरीचे दोन्ही कोपरे, तिथे धूळ बसते. फडकं इतकं पिळायचं की लाकडावर पाणी साचू नये. मग कठड्याच्या खालची पट्टी, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. त्यांचं श्वाबिश, म्हणजे इथल्या बोलीतलं, बोलणं पुण्यातल्या वर्गात कधी कानावर पडलं नव्हतं. हातात फडकं असताना ते कळायला लागलं.

हे ऐकून आपल्यातलेच काही नाक मुरडतात. "एवढं शिकून दुसऱ्यांचा जिना पुसायचा?" मला हे बोलणं लागतं. आपल्याकडे जिना झाडणारी बाई वेगळी असते आणि कित्येक घरांत तिचा चहाचा कपही वेगळा असतो. इथे निवृत्त शिक्षिका, बस ड्रायव्हर आणि मी, तिघांच्या दाराला तीच पाटी लागते. मला यात मान वाटतो.

आजी उपचारांसाठी गावाबाहेर जातात तेव्हा त्यांची किल्ली आणि कुंड्या माझ्याकडे असतात, नवऱ्याकडे नाही. नाताळात बिस्किटांचा डबा माझ्या नावाने येतो.

मराठी मंडळींच्या गणपतीला मीही हौसेने जाते, मोदकही करते. ती माणसं जिवाभावाची आहेत, पण विखुरलेली. मंगळवारी रात्री ताप चढला तर दार जिन्यातलंच ठोठवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मुलींच्या आईवडिलांनी समजून घ्यावी. जोडीदार म्हणून आलेल्या व्यक्तीचा इथला परवाना त्या लग्नावर अवलंबून असतो. स्वतंत्र हक्कासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षं एकत्र राहिलेलं असावं लागतं. घरात मारहाण होत असेल तर कायद्यात त्याआधीही वाट आहे. पण ती वाट सांगणारं, सोबत सल्ला केंद्रापर्यंत येणारं कुणीतरी नवऱ्याच्या ओळखीबाहेरचं हवं. बहुतेक नवरे चांगलेच असतात, माझाही आहे. तरी ही सोय प्रत्येकीकडे असायलाच हवी.

तेव्हा व्हिडिओ कॉलवर "जावई काळजी घेतात ना?" हे विचारून झालं की पुढे विचारा: तुझ्या वर कोण राहतं, खाली कोण राहतं, त्यांची नावं सांग. ती अडखळली तर या आठवड्यातच तिला वड्यांचा डबा घेऊन शेजारी पाठवा. एकटीला.