जुन्या चिनी फर्निचरला तेल पाजू नका

‘जुनं चायनीज फर्निचर नव्यासारखं करा: सहा घरगुती उपाय’ ही पोस्ट सध्या सगळीकडे फिरते आहे. काल ती आत्याने मला पाठवली आणि खाली विचारलं, ‘जवसाचं तेल कच्चं आणू की उकळलेलं?’ तिच्याकडे पाठीत संगमरवर बसवलेली जुनी कोरीव चिनी खुर्ची आहे. आत्या, कुठलंच आणू नकोस. आणि ही पोस्ट ज्यांच्याकडे पोचली आहे त्यांनी हेही वाचा.

पहिला उपाय असा: एक वाटी जवसाचं तेल, अर्धी वाटी व्हिनेगर आणि एका लिंबाचा रस एकत्र करून दर महिन्याला चोळायचं, कारण ‘लाकूड तेल पितं’. सहापैकी सर्वांत जास्त नुकसान करणारा उपाय हाच. चीनच्या छिंग राजवटीतल्या (1644–1912) कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझू बंदराच्या, कामात शिंपल्याचं जडावकाम आणि युन्नानमधल्या दालीचा संगमरवर भरपूर दिसतो. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची कँटनला ये-जा होती, म्हणून असे नग इथेही सापडतात. शिंपला आणि संगमरवर दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. ओट्याच्या मार्बलवर लिंबाची फोड राहिली की तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग उरतो, तो घासून जात नाही. ही पोस्ट तेच दीडशे वर्षं जुन्या जडावकामावर दर महिन्याला करायला सांगते.

आता तेल. लाकूड काही पीत नाही. झाड तोडलं तेव्हाच ते प्यायचं थांबलं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचं संवर्धन केंद्र फर्निचरबद्दल हेच सांगतं: लाकडाला ‘खाऊ घालण्याची’ कल्पना चुकीची आहे आणि जवसाचं तेल काळानुसार काळं पडून निघेनासं होतं. कारण साधं आहे. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, घट्ट होताना धूळ धरून ठेवतं, आणि पुढच्या महिन्याचा हात त्यावरच बसतो. दोन-तीन वर्षांत कोरीवकामाच्या खाचांत तपकिरी चिकट खपली जमते. खोबरेल तेल वापराल तर ते कधी वाळतच नाही, चिकट राहतं आणि त्याला खवट वास येतो. शिवाय पोस्टमध्ये नसलेली एक गोष्ट: जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून ठेवलं तर ते आतून तापत जातं आणि आपोआप पेटू शकतं. ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

एवढं मान्य करतो की चिनी कारागीर तुंग तेल, म्हणजे तुंग झाडाच्या बियांचं तेल, वापरत. पण ते नवं काम पुरं करताना, अगदी पातळ हाताने. दर महिन्याची मालिश नव्हती ती. कठीण लाकडावर ‘दक्षिणेत लॅकर, उत्तरेत मेण’ अशी तिकडची रीत. लॅकर म्हणजे झाडाच्या चिकाचं चिनी रोगण, त्याबद्दल पुढे सांगतो. म्हणून लॅकर नसलेल्या, धड लाकडाला द्यायचंच असेल तर मेण द्या. वर्षातून एकदा, खुर्चीच्या एका हाताला हरभऱ्याएवढं, सुती फडक्यात गुंडाळून. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने घासा. मेण खाचांत भरू नका.

दुसरा उपाय: ‘लॅकर म्हणजे आपली लाखच, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.’ हे वाचून खरंच राग आला. लाख किड्यापासून मिळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. चिनी लॅकर झाडाच्या चिकापासून होतं. दमट हवेत त्याचे रेणू साखळीसारखे एकमेकांत गुंफले जातात आणि एकदा घट्ट झालं की ते स्पिरिटमध्ये विरघळत नाही. मग बिघडतं काय? उजेडाने वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या लॅकरच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडलेल्या असतात. त्यावर स्पिरिट किंवा पाणी गेलं की तो भाग पांढरट पडतो. वर सोनेरी चित्रकाम असेल तर ते बोळ्याबरोबर निघून येतं. पुष्कळदा लॅकरखालचा थर सरस किंवा डुकराचं रक्त आणि विटेची पूड यांचा असतो. भेगेतून पाणी आत शिरलं की तो फुगतो आणि वरच्या पापुद्र्याला उचलतो. असा पापुद्रा सुटलेला दिसला तर फडकंसुद्धा लावू नका, धाग्यात अडकून तो निघून येईल. मऊ केसांच्या ब्रशने धूळ उचलायची, व्हॅक्यूमची नळी बाजूला धरून आणि तिच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून. लॅकर नसलेल्या झितानवरही स्पिरिट नको. झितान म्हणजे रक्तचंदन, जे आपल्या दक्षिणेतून तिकडे जायचं. त्याचा लाल रंग स्पिरिटमध्ये सुटतो.

‘महिन्यातून एकदा ऊन दाखवा’ हा तिसरा. गाद्यांना दाखवा. उन्हाने लॅकर विटतं आणि लाकूड एका बाजूने सुकून वाकतं. खिडकीपासून दूर ठेवा. एसी रात्री चालू, दिवसा बंद असं असेल तर त्याचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नका. हवेतली आर्द्रता 40 ते 60 टक्के चांगली. पावसाळ्यात मुंबईत ती राखणं अवघड आहे, पण एकदम चढउतार होणार नाहीत एवढं तरी बघा.

चौथा म्हणतो, ‘फटी पुट्टीने बुजवा, सैल सांधे फेव्हिकॉल आणि खिळ्यांनी पक्के करा.’ चिनी मेजाची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, मुद्दाम. चाळीस सेंटीमीटर रुंदीची फळी पावसाळा आणि कोरडा हिवाळा यांत दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. फट बुजवलीत की हलायला जागा उरत नाही आणि फळी मधूनच फाटते. सांध्यांत बहुतेक ठिकाणी खिळा नसतोच. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि डिंक लावला असेल तर तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला. तो कोमट पाण्याने सुटतो, म्हणून सांधा पुन्हा उघडून नीट करता येतो. फेव्हिकॉलने हा रस्ता बंद होतो. सुताराला आधी विचारा, सरस वापरतोस का. आणि गोल कोपऱ्याच्या कपाटाची दारं थोडी डुगडुगली तर घाबरू नका. ती बिजागरीवर नसून लाकडी खुंटीवर फिरतात.

पाचवा उपाय पितळी कड्या चिंचेने घासण्याचा. नका घासू, आंबट पाणी भोवतीच्या लाकडात झिरपतं. कोरडं फडकं पुरे.

शेवटचा उपाय कापराचा. यात अर्धं सत्य आहे. कापराच्या लाकडाच्या चिनी पेट्यांत लोकरीला कसर लागत नाही. पण खणात कापराच्या वड्या टाकून लाकडातला भुंगेरा मरत नाही. उलट, नंतर कोणी सेल्युलोज लॅकर (हे कारखान्यातलं, झाडाच्या चिकाचं नव्हे) मारलेलं असेल तर कापराच्या वाफेने ते मऊ पडू शकतं. सेल्युलॉइड हे त्याच जातीचं जुनं प्लॅस्टिक मऊ करायला कापूरच वापरत असत. रॉकेल तर अजिबात ओतू नका. कीड जिवंत आहे की जुनी, हे आधी बघा. भोकं ब्रशने झाडून साफ करा, खाली काळा कागद पसरा आणि पंधरा दिवस थांबा. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली तर कीड चालू आहे. खसखशीसारखे कण असले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. दोन्ही वेळा तो नग बाकीच्या फर्निचरपासून वेगळा ठेवा आणि फवारणीवाल्याला बोलावण्याआधी संवर्धनतज्ज्ञाला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, सुरुवात तिथून करता येईल.