सुटली का रे परीक्षा?

काल हळदीत परत तेच. पंगतीत मठ्ठा वाढून होतोय न होतोय तोच मावशी सगळ्यांसमोर, "काय रे, सुटली का ती परीक्षा?" आणि शेजारणीला, "आमचा महेश रशियाला डॉक्टर झालाय." मावशी, रशिया नाही हो, किर्गिझस्तान, बिश्केक! सहा वर्षं सांगतोय.

आणि हो, सुटली. एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांना इथे द्यावी लागणारी परीक्षा, एका दिवसात 300 प्रश्न, 150 बरोबर पाहिजेत, वर्षातून दोनदाच होते, नापास झालात की बसा पुढच्या वेळेपर्यंत बोंबलत. पण सुटली म्हणून लगेच डॉक्टर झालो असं कुठाय, आधी तात्पुरती नोंदणी मग इथली इंटर्नशिप, आणि मी अडकलोय नावात. बिश्केकातही रशियन चालते, आणि रशियन लिपीत आपला 'ह' नाहीच, तिथे 'ख' लिहितात, त्यामुळे एका कागदावर मी महेश आणि दुसऱ्यावर माखेश! खिडकीवरचा माणूस चष्म्यावरून बघत म्हणतो, "हे दोघं एकच कशावरून?" झालं, परत अॅफिडेव्हिट, परत झेरॉक्स, परत सोमवारी या.

वर "पैसे भरून डॉक्टर झाला" हे आहेच. अरे, इथल्या खासगी कॉलेजची फी परवडली असती तर मी कशाला थंडीत कुडकुडत पेशंटला "ग्दे बालीत", म्हणजे कुठे दुखतंय, विचारत फिरलो असतो?

रात्री साडेअकराला मावशींचा मेसेज. बीपीच्या गोळ्यांचा फोटो. "जेवणाआधी की नंतर?"