रोमन सैनिक तक्रार करत नव्हते, हे कुणी सांगितलं?

सकाळी मोबाइल उघडला की एक तरी व्हिडिओ समोर येतोच. लाल झगे, चकाकणारी चिलखतं आणि घोगऱ्या आवाजातला उपदेश: "रोमन सैनिक रोज तीस किलोमीटर चालायचे, कधी तक्रार नाही. आणि तुम्ही?" तळपायाची आग मस्तकात जाते. तक्रार नाही? अहो, बंड केलं होतं त्यांनी!

आधी ते तीस किलोमीटर. उन्हाळ्याच्या पाच तासांत २० रोमन मैल, म्हणजे साधारण ३० किलोमीटर, हे व्हेजिटियस या रोमन युद्धशास्त्र-लेखकाने दिलेलं सरावाचं माप आहे. हा सराव महिन्यातून तीनदा व्हायचा: १० मैल जायचं, १० मैल परत. रोजचा रतीब नव्हता तो. पाठीवर ६० रोमन पौंड, सुमारे २० किलो, आणि शस्त्रं वेगळीच. जोसिफस या त्या काळच्या इतिहासकाराने सामान मोजून सांगितलंय: करवत, पाटी, कुदळ, कुऱ्हाड, विळा, चामड्याचा पट्टा, साखळी, तीन दिवसांचा शिधा. यातली निम्मी हत्यारं मजुराची आहेत, पण व्हिडिओत दिसते फक्त तलवार.

कूच संपली की मुक्कामाचा तट उभारायचा. दीड फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड अशा गवतासकट मातीच्या लाद्या कापून रचायच्या. माती भुसभुशीत निघाली की लादी हातातच फुटते. मग पाच फूट रुंद, तीन फूट खोल चर खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला चढवायची. हे सगळं दिवसभर चालून आलेल्या पायांनी. त्यातही तलवार कमरेला हवीच. कॉर्बुलो नावाच्या सेनापतीने तलवारीशिवाय खणणाऱ्या एकाला मृत्युदंड दिला, अशी ऐकीव गोष्ट रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो.

एवढं झाल्यावरही आयती भाकरी मिळत नव्हती. माणशी दिवसाला अंदाजे ८५० ग्रॅम गहू, तोही न दळलेला. एका चामडी तंबूत आठ जण, म्हणजे रोज जवळपास सात किलो दळण. जात्यावर बसलेल्या कुठल्याही आजीला विचारा, सात किलो म्हणजे काय ते.

पगाराचं तर बोलायलाच नको. इजिप्तमधला इ.स. ८१ चा एक हिशेबाचा कागद सापडलाय. पगाराच्या एका हप्त्याचे २४८ द्राख्मा (तिथली नाणी) जमा. त्यातून गवताचे १०, जेवणाचे ८०, बूट आणि पट्ट्यांचे १२, सणाचे २०, कपड्यांचे ६०. हातात उरले ६६. राज्यासाठी राबायचं आणि बूट स्वतःच्या पैशाने घ्यायचे!

अशाच जाचापायी त्याच्या कितीतरी आधी, इ.स. १४ मध्ये, डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या छावण्यांत बंड पेटलं होतं. पर्सेनियस नावाचा साधा शिपाई उभा राहून विचारत होता: शरीर आणि जीव यांची किंमत रोज दहा आस (किरकोळ नाणी)? त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू आणि वर सेंचुरियनला, म्हणजे तुकडीच्या नायकाला, चिरीमिरी; ती दिली की राबणुकीतून सुटका मिळते. तीस-चाळीस वर्षं नोकरी करून शेतजमीन म्हणून मिळतं काय, तर दलदल नाहीतर खडकाळ डोंगर. ल्युसिलियस नावाच्या सेंचुरियनला सैनिक 'आणखी एक आण' म्हणायचे, कारण एकाच्या पाठीवर छडी मोडली की तो दुसरी मागायचा, मग तिसरी. त्याला त्यांनी ठार मारलं. खुनाचं समर्थन कुणी करू नये, पण 'शिस्त शिस्त' करणाऱ्यांनी त्या शिस्तीची पाठ एकदा बघावी. छावणीप्रमुख रूफसला गाडीतून खाली ओढलं, त्याच्या पाठीवर सामान लादलं, पुढे चालवलं आणि विचारत राहिले: एवढं ओझं, एवढी लांब चाल, कशी वाटते?

ऱ्हाइन नदीकाठच्या म्हाताऱ्या शिपायांनी तर सेनापती जर्मॅनिकसच्या हाताचं चुंबन घ्यायच्या निमित्ताने त्याची बोटं स्वतःच्या तोंडात घातली. दात पडलेल्या हिरड्या चाचपून बघ म्हणून! याहून स्पष्ट तक्रार कशी करायची असते?

आणि 'सहनशक्ती'चे गोडवे गाणाऱ्यांनो, पुढचंही व्हिडिओत टाका. पर्सेनियसला मारून टाकण्यात आलं. दबावाखाली कबूल केलेली सोळा वर्षांच्या नोकरीची सवलत सम्राट टायबेरियसने पुढच्याच वर्षी काढून घेतली. पुन्हा वीस वर्षं.