मीटर लावा, पण वरून खाली लावत या

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, वॉचमनच्या खुर्चीशेजारी जमिनीत एक चेंबर आहे आणि त्यात पाण्याचा मीटर आहे, हे सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना माहीतच नाही. त्या झाकणावर बी विंगमधल्या एकांची अॅक्टिव्हा उभी असते. मी गेली चार वर्षं खजिनदार आहे (दुसरं कोणी घेत नाही म्हणून, हे आधीच सांगून टाकतो) त्यामुळे मला माहितीये. हा मीटर रेडिओवाला आहे, झाकण उघडावं लागत नाही, रीडिंगवाला माणूस जवळून गेला की त्याच्या हातातल्या यंत्रात आकडा येतो. बिल मात्र त्याच्यावर येत नाही. पाणीपट्टी आपली मिळकतकराच्या बिलातच, घराच्या करपात्र मूल्यावर. म्हणजे तुम्ही एका बादलीत अंघोळ उरका नाहीतर दोन तास शॉवरखाली गाणी म्हणा, आकडा तोच.

आता परत विषय निघालाय. पाणीपुरवठ्याचा खर्च किती, वसुली किती, मीटरप्रमाणे बिलं कधी सुरू करायची वगैरे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या सहीने चाललं होतं, आता सभागृह परत आलंय तर हे ताट त्यांच्यासमोर येणारच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते मीटर म्हणजे लूट, पाणी काय विकायची गोष्ट आहे का. दुसरी म्हणते मीटर लावल्याशिवाय पुणेकर सुधारणार नाही. मी सांगतो, मी मीटरवाला आहे. पक्का. का ते सांगतो आणि मग माझी तक्रार सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल-मेमध्ये आम्हाला रोज दोन-तीन टँकर लागत होते. दहा हजार लिटरचा टँकर, बाराशे रुपये, मे उजाडला की पंधराशे. व्हाउचरवर मी सही करायचो आणि मनात शंका यायची की वरची टाकी भरायला हवी तेवढी भरत कशी नाही. शेवटी कमिटीत भांडून भांडून टँकरच्या लाईनवर एक साधा चाकाचा मीटर बसवून घेतला, सोसायटीच्या पैशाने. पहिल्याच दिवशी दहा हजारचा टँकर निघाला आठ हजार सातशेचा. दुसरा नऊ हजारचा. टँकरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला साहेब रस्त्यात हिंदकळतं. तेराशे लिटर हिंदकळतं! तेवढं हिंदकळलं असतं तर त्याच्या मागे अख्ख्या रस्त्यावर नदी झाली असती. पण गंमत अशी की त्या दिवसानंतर टँकर आपोआप भरलेले यायला लागले, कोणाला काही बोलावं लागलं नाही, फक्त वॉचमन वहीत आकडा लिहितोय एवढं ड्रायव्हरला दिसलं पाहिजे.

मग मला नादच लागला. गेटवरच्या मीटरचं झाकण उघडून (अॅक्टिव्हा बाजूला घेऊन) रात्री साडेअकराला आकडा लिहिला, पहाटे साडेचारला परत. त्या वेळात कोण पाणी वापरतंय, सगळे झोपलेले. तरी आकडा बावीसशे लिटरने पुढे! तीन दिवस शोधाशोध केली तेव्हा ए विंगच्या गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट अडकलेला सापडला, खालच्या टाकीतून मोटर आपोआप पाणी वर चढवत होती आणि ते ओव्हरफ्लोच्या पाइपातून गुपचूप पावसाळी गटारात चाललं होतं. किती महिने ते देव जाणे. प्लंबरने साडेचारशे रुपये घेतले. एवढ्या पैशात रोजचे दोन हजार लिटर वाचले, आणि हे मीटर नसता तर कळलंच नसतं कारण ओव्हरफ्लो दिसतच नव्हता.

तर मीटर चांगलाच. पण चांगला कोणासाठी? जो तो वाचतो आणि वाचून पान्हा हातात घेतो त्याच्यासाठी. नुसता बसवून ठेवलेला मीटर म्हणजे वर्षभर न उघडलेलं पासबुक.

आता पालिकेचं बघू. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी. त्यातून शहराला पाणी आणि तेच पाणी नव्या मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला. (हाच कालवा सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ फुटला होता, आठवत असेल, गणपतीनंतर तीन-चार दिवसांत.) खडकवासल्याहून पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आता बंद पाइपातून पाणी येतं. जलसंपदा खातं म्हणतं पालिका मंजूर कोट्यापेक्षा फार जास्त उचलते, पालिका म्हणते लोकसंख्या वाढली, हद्दीत गावं आली, फ्लोटिंग पब्लिक (रोज येणारी-जाणारी माणसं) आहे, कोटा वाढवा. कोट्याच्या वर गेलं की दर चढा लागतो, थकबाकीचा आकडा दोघांचा वेगवेगळा, आणि हे भांडण दरवर्षी उन्हाळ्यात आपण पेपरात वाचतो तसंच्या तसं, फक्त मंत्री आणि आयुक्त बदललेले असतात. म्हणजे बघा, साखळीतला पहिलाच मीटर, धरणाच्या तोंडचा, त्याच्यावरच दोन सरकारी खात्यांचं एकमत नाही आणि आपल्याला सांगतात शेवटच्या मीटरवर विश्वास ठेवा.

थोडा हिशोब करू, मला खोडच आहे. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. पालिका वर्षाला १८ टीएमसी उचलते असं धरा, कमीच धरतोय. रोजचं झालं साधारण १४० कोटी लिटर. माणसं पन्नास लाख धरा, भरपूर धरली. माणशी २८० लिटर! सरकारी निकष १३५ ते १५० लिटरचा. मग इतकं पाणी असताना माझ्या सोसायटीत टँकर का येतो? पालिका स्वतःच सांगते की ४० टक्क्यांच्या आसपास गळती आहे. ती काढली की माणशी १७० च्या आत आले. ते १७० पण सगळ्यांना सारखे नाहीत, पर्वतीच्या पायथ्याला वेगळे आणि टेकडीवरच्या बिल्डिंगला वेगळे, हे पुण्यात सांगायला नको. आणि २०२१ मध्ये पालिकेच्या हद्दीत आलेली २३ गावं, तिथल्या कितीतरी सोसायट्या अजून टँकरवरच आहेत, तिथे मीटर लावून काय हवा मोजणार?

हवेवरून आठवलं. हे जोक म्हणून नाही सांगत. पाणी ठरावीक वेळी येत असलं की उरलेला वेळ पाइपात हवा असते आणि पाणी यायच्या आधी ती हवा जोरात बाहेर पडते. मी आमच्या बंगलीवाल्या मित्राकडे सकाळी पावणेसहाला उभं राहून बघितलंय, नळातून नुसतं फुस्स फुस्स आणि मीटरचं छोटं लाल चाक गरागरा फिरतंय. साध्या चाकाच्या मीटरला हवा काय आणि पाणी काय, दोन्ही सारखंच. म्हणून मीटर आणि २४ तास पाणी ही जोडीने यायची गोष्ट आहे. पाणी चोवीस तास असलं की पाइप कायम भरलेला, हवा नाही, बाहेरची घाण आत ओढली जात नाही (जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गिया-बारे, मज्जातंतूंचा आजार) पेशंट निघाले तेव्हा आपण सगळे किती घाबरून पाणी उकळत होतो), आणि मुख्य म्हणजे पाणी साठवायची हाव सुटते. माझी आई अजूनही सकाळी पाणी आलं की कालचं पिंप ओतून देते. का तर शिळं झालं. धरणात ते चार महिने पडून होतं तेव्हा ताजं होतं आणि आमच्या पिंपात एका रात्रीत शिळं झालं! पण तिलाही दोष देत नाही, उद्या पाणी येईल का नाही याची खात्री नसली की माणूस आधी साठवतो आणि मग आलं की ओततो.

तर योजना तशीच होती. समान पाणीपुरवठा, २४ तास. ८० च्या वर टाक्या, १४१ झोन, शेकडो किलोमीटर नव्या लाईनी, तीन लाखांच्या वर मीटर. कागदावर मला ती अजूनही आवडते. झोन करायचे म्हणजे प्रत्येक झोनच्या तोंडाशी एक मोठा मीटर, आत किती पाणी गेलं ते कळणार, आणि झोनमधल्या सगळ्या छोट्या मीटरांची बेरीज वजा केली की गळती आणि चोरी किती ते उघडं. माझ्या रात्रीच्या साडेअकरा ते साडेचारच्या वहीसारखंच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

याच योजनेसाठी जून २०१७ मध्ये पालिकेने मुंबई शेअर बाजारात २०० कोटींचे रोखे काढले होते. ७.५९ टक्के व्याज, दहा वर्षं मुदत. केवढा कौतुकसोहळा झाला होता, घंटा वाजवतानाचे फोटो. २०० कोटींवर वर्षाचं व्याज होतं पंधरा कोटी अठरा लाख, आणि ते मीटर पळाला काय, न पळाला काय, जातंच. दहा वर्षं म्हणजे २०२७ चा जून आलाच की. रोखे काढले याला माझा विरोध नाही, घर बांधायला आपणही कर्ज काढतोच, पण घराचा हप्ता सुरू होऊन आठ-नऊ वर्षं झाली आणि अजून छत पूर्ण नाही म्हटल्यावर बायको विचारतेच ना. योजनेच्या मुदती कितीदा वाढल्या ते मोजणं मी सोडून दिलंय.

पाणीपट्टी मात्र न चुकता वाढत गेली. २०१६ मध्येच पुढच्या कित्येक वर्षांची टक्क्यांची वाढ मंजूर करून ठेवलेली होती, चोवीस तास पाणी येणार या नावाखाली. म्हणजे चोवीस तासांचे पैसे मी द्यायला लागलो आणि पाणी येतंय तीन तास.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की क्रम बदला. आधी धरणाचा आकडा, मग पर्वती, वारजे, लष्कर, वडगाव प्रत्येक जलकेंद्रात किती आलं आणि किती बाहेर पडलं, मग टाकी, मग झोन, आणि सगळ्यात शेवटी माझं गेट. हे आकडे दर महिन्याला वेबसाईटवर टाका. साधा तक्ता, पीडीएफ नको, स्कॅन केलेलं तर अजिबात नको. करांचे दर कायद्याने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायला लागतात, तेव्हा त्या तक्त्यासकट सभागृहात या. २०२५-२६ चं बजेट १२,६१८ कोटींचं होतं, त्यात पाण्यावर कमावले किती, घातले किती, रोख्यांचं व्याज किती, जलसंपदाचं बिल किती, पंपाची वीज किती हे एका पानात मावतं. आमच्या सोसायटीचं मावतं, आणि ऑडिटरने नाही तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तपासलेलं असतं.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्यावर कोणी बोलत नाहीये. शहरात चौदा लाखांच्या वर मिळकती आणि मीटर तीन लाख. का? कारण सोसायटीला एकच मीटर, गेटवर. फ्लॅटला नाही. लाइटचं तसं नाही, तिथे प्रत्येकाचा मीटर, प्रत्येकाचं बिल, शंभर युनिटच्या वर गेलं की पुढचा स्लॅब आणि माणूस एसी बंद करतो. पाण्यात उद्या स्लॅब लागला तर बिल येणार चाळीस फ्लॅटचं एकत्र, आणि ते वाटायचं कोणी? मी. खजिनदार. सगळ्यांना सारखं वाटलं तर एकटी राहणारी आजी आणि पाच मुलं पीजीला ठेवलेला मालक सारखेच. माणशी वाटलं तर दर महिन्याला डोकी मोजायची आणि पाहुणे धरायचे का यावर मीटिंग. फ्लॅटला मीटर लावावा तर जुन्या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटला तीन-तीन पाइप उतरतात, संडासाचा वेगळा, किचनचा वेगळा, बाथरूमचा वेगळा, किती मीटर लावणार आणि भिंती किती फोडणार. कराडजवळ मलकापूरने हे मीटर, स्लॅब आणि चोवीस तास पाणी कधीच करून दाखवलंय आणि लोक बघायला जातात तिथे, पण तिथे घराला नळ आणि नळाला मीटर हे सरळ नातं आहे. आपल्याकडे मध्ये सोसायटी बसलीये, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मोटर, वॉचमन आणि मी.

सभागृहात हे कोणीतरी विचारा हो. सोसायटीत माणसं किती ते बघून स्लॅब पडणार का, का एका कनेक्शनला एक स्लॅब लावून आम्हाला सगळ्यात वरच्या दरात ढकलणार? नियम आत्ता लिहून काढा, पहिलं बिल येऊन ग्रुपवर भांडणं पेटल्यावर नको.

परवा हे सगळं मी त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे पण माझ्या वरती ते सहा जण राहतात, त्यांचं मशीन रात्री बारापर्यंत चालतं. त्यांचे पैसे मी का भरायचे?"

मी म्हटलं, आजी, रविवारी दहाला पार्किंगमध्ये मीटिंग आहे, तिथे विचारा. म्हणाल्या, "येते की, पण मला प्लास्टिकची नको, पाठ असलेली खुर्ची ठेव. वेळ लागणार आहे याला."