अन्सारांनी दिलं, पण मुहाजिरांनी किती घेतलं?

एका लेखात म्हटलंय की मदिनेच्या अन्सारांनी, म्हणजे तिथल्या मदतगार मुसलमानांनी, आपली निम्मी मालमत्ता मक्केहून घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांना वाटून दिली. देऊ केली हे खरं, पण तेवढ्यावर थांबलं की मुहाजिर नुसते हात पसरून बसले होते असं वाटतं. अन्सारांपैकी साद बिन रबी यांनी निम्मं धन पुढे केलं, तेव्हा मुहाजिर अब्दुर्रहमान बिन औफ यांनी दुआ दिली आणि विचारलं, इथला बाजार कुठे आहे? बनू कैनुका या मदिनेतल्या ज्यू टोळीच्या बाजारात जाऊन ते चीज आणि तूप विकायला लागले. बागांचंही तेच. अन्सार खजुरीच्या बागा वाटून द्यायला तयार होते. पैगंबरांनी नको म्हटलं. मग मुहाजिरांनी बागेत राबायचं आणि पीक वाटून घ्यायचं, असं ठरलं.

मी रत्नागिरीहून मुंबईला आलो तेव्हा मामूंनी खोलीत जागा दिली, जेवूखाऊ घातलं. पण खरा उपयोग झाला तो त्यांनी मला मशीद बंदरच्या एका व्यापाऱ्यापुढे उभं करून "पोरगा आमचाच, उधारीवर माल द्या" म्हटलं त्याचा. बयानात, म्हणजे धार्मिक प्रवचनात मात्र आमच्याकडेही सादच जास्त ऐकू येतात, बाजार विचारणारा माणूस घाईत उरकला जातो.

आणि एक राहिलंच. पुढे खैबरची लढाई जिंकून हात सैल झाल्यावर मुहाजिरांनी अन्सारांची वापरायला घेतलेली खजुरीची झाडं परत केली. हे लेखात यायला हवं होतं.