‘कॉन्टेस्टमध्ये मोर्स कोणी ऐकतच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मोर्स कोडचं सत्य : हॅमवाले (म्हणजे आम्ही हौशी रेडिओवाले) हे तुम्हाला सांगणार नाहीत’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. पहिल्यांदा आला तेव्हा मी तो वाचून सोडून दिला. पण परवा माझ्या भाचीनेच तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामाजी, मग मी काहून शिकून राहिली?’ ती नागपुरात हनुमाननगरला राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हौशी रेडिओच्या जनरल परवान्यासाठी मन लावून मोर्सचा सराव करत होती. मेसेज वाचल्यापासून तिने सराव बंद केला. तेव्हा आता उत्तर द्यायलाच हवं.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं. सरकारने २०१३ मध्ये मोर्स बंद केला आणि परवान्याला तो आता कुठेच लागत नाही. रेडिओवरच्या स्पर्धांमध्ये, म्हणजे कॉन्टेस्टमध्ये, कोणी कानाने ऐकत नाही. सॉफ्टवेअरच वाचतं आणि सॉफ्टवेअरच पाठवतं. सगळे एकमेकांना एकच खोटा रिपोर्ट देतात. एफटी८ ही संगणकानेच पाठवायची आणि वाचायची पद्धत आल्यापासून तर मोर्सला काही अर्थच उरला नाही. तरीही हौस असेल तर सोबतचा तक्ता दोन दिवसांत पाठ करा, डीकोडर (मोर्स वाचून पडद्यावर अक्षरं दाखवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) लावा, वेग मिनिटाला ३५ शब्दांवर ठेवा, कॉन्टेस्टमध्ये उतरा आणि उत्तर मिळेपर्यंत हाका मारत राहा.

२०१३ ची गोष्ट लवकर आटपते. त्या वर्षी बंद झाली ती बीएसएनएलची तारसेवा. १४ जुलैच्या रात्री शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. त्या दिवसांत टीव्हीवर मोर्सची टिकटिक ऐकवत होते, पण तारा मोर्सने जाणं त्याच्या कितीतरी आधी थांबलं होतं. आधी टेलिप्रिंटर आले, मग संगणक. हौशी रेडिओचा त्या सेवेशी काहीही संबंध नव्हता आणि नाही. उलट २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोर्समध्ये एक नवं चिन्ह घातलं, ई-मेलच्या पत्त्यातलं ‘@’.

परवान्याबद्दल मेसेज अर्धं खरं बोलतो. २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची सक्ती उठवली आणि निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. अमेरिकेने २००७ मध्ये ती अट काढून टाकली. आपल्याकडे परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड या खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरलला मात्र मिनिटाला ८ शब्द घेता आणि पाठवता आले पाहिजेत, आणि परीक्षा जिथे होते त्या केंद्रांमध्ये नियमांनीच नागपूरचं नाव घातलेलं आहे. म्हणजे ‘कुठेच लागत नाही’ हे वाक्य नागपुरातल्या मुलीला पाठवण्याच्या लायकीचं नाही.

आता मुख्य आरोप : कॉन्टेस्टमध्ये कानाने कोणी ऐकत नाही.

इथे मी माझं मत सांगत बसत नाही, नियम सांगतो. मोर्सची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइड. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते, सलग ४८ तास. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. तिच्या नियमांत ‘मदत’ कशाला म्हणायचं याची व्याख्याच दिलेली आहे. सिग्नल कोणाचा आहे, त्याचा कॉल साइन (स्टेशनचं ओळखनाव) किंवा मल्टिप्लायर (ज्याने गुण गुणले जातात तो झोन किंवा देश) कोणता, हे ऑपरेटरला ओळखून देणारं कोणतंही तंत्र किंवा दुसरा स्रोत म्हणजे मदत. पुढे उदाहरणं नाव घेऊन दिली आहेत : मोर्स डीकोडर, डीएक्स क्लस्टर, सीडब्ल्यू स्किमर, रिव्हर्स बीकन नेटवर्क. (सीडब्ल्यू म्हणजे रेडिओवरचा मोर्स. शेवटची तिन्ही कोणतं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते पडद्यावर आयतं दाखवतात.) यातलं काहीही वापरलं तर तुम्ही ‘असिस्टेड’ गटात. साध्या सिंगल ऑपरेटर गटात यातलं एकही चालत नाही. तिथे कान आणि वही, किंवा कान आणि लॉगिंगचं, म्हणजे संपर्कांची नोंद ठेवणारं, सॉफ्टवेअर, बस. वरच्या क्रमांकांसाठी खेळणाऱ्यांना तर स्पर्धाभर कानावर पडलेल्या आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवावं लागतं आणि समिती ते मागू शकते. मदत घेऊन ती लपवणारे बाद झाल्याची प्रकरणं जाहीर आहेत. कोणी ऐकतच नसतं तर ऐकणाऱ्यांचा वेगळा गट कशाला ठेवला असता, आणि त्यांच्याकडे रेकॉर्डिंग तरी कशाला मागितलं असतं? मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक पान वाचलं असतं तरी पुढचं सगळं त्याला लिहिताच आलं नसतं.

डीकोडर कुठे हात टेकतो तेही सांगायला हवं, कारण नागपुरातून खेळणाऱ्याला नेमकी तीच परिस्थिती रोज भेटते. या स्पर्धेत जग ४० झोनमध्ये वाटलेलं आहे. आपण झोन २२ मध्ये. त्यात भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि मालदीव येतात. लोकसंख्या प्रचंड, पण मोर्सवर दिसणारी स्टेशनं अगदी थोडी. प्रत्येक बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, प्रत्येक झोनचा मल्टिप्लायर वेगळा मोजला जातो, त्यामुळे झोन २२ सगळ्यांनाच हवा असतो. बँड उघडा असताना, म्हणजे दूरचे सिग्नल पोचत असताना, दुपारनंतर नागपूरहून कोणी २१ मेगाहर्ट्झवर सीक्यू (‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक) दिला, की युरोप तुटून पडतो. याला पाइलअप म्हणतात. दहा-पंधरा स्टेशनं एकाच वेळी, जवळजवळ एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापला कॉल साइन पाठवत असतात. अशा वेळी डीकोडरच्या पडद्यावर ई, टी, आय यांची नुसती रांग उमटते, कारण एकमेकांवर पडलेले ठिपके आणि रेघा त्याला वेगळे करता येत नाहीत. सराव झालेला कान ते करतो. एकाचा सूर थोडा वर, एकाचा खाली, एक जरा उशिरा सुरू झाला, एकाचा हात जड. त्यातून शेवटची दोन अक्षरं जरी हाती लागली तरी ऑपरेटर तेवढीच परत पाठवतो, पुढे प्रश्नचिन्ह लावून. ज्याची ती अक्षरं असतात तो बोलतो आणि बाकीचे थांबतात. उत्तर अमेरिकेकडून ध्रुवावरून येणारा सिग्नल तर थरथरत, फाटल्यासारखा येतो. रेघ मधेच तुटली की यंत्र तिचे दोन ठिपके करतं. कानाला ती तुटकी रेघही रेघच वाटते.

आणि यंत्राची चूक फुकट जात नाही. स्पर्धेनंतर हजारो लॉग एकमेकांशी ताडून बघतात. ‘६’ म्हणजे एक रेघ आणि चार ठिपके, ‘बी’ म्हणजे एक रेघ आणि तीन ठिपके. सिग्नल उतरताना एक ठिपका बुडाला की डीकोडर ६ चा बी करतो. चुकीचा कॉल साइन लिहिला तर तो संपर्क कापला जातो आणि वर दंडाचे गुणही वजा होतात. असिस्टेड गटात स्किमरने दाखवलेलं नाव न ऐकताच लॉगमध्ये ढकलणाऱ्यांचं हेच होतं.

सॉफ्टवेअर पाठवतं, हे मात्र खरं आहे. मोठ्या कॉन्टेस्टमध्ये बहुतेकजण पाठवायला की-बोर्डच वापरतात. एफ१ दाबलं की सीक्यू जातो, एफ२ दाबलं की रिपोर्ट आणि झोन. मला हे मनापासून आवडत नाही. पॅडलला, म्हणजे हाताने मोर्स पाठवायच्या खटक्याला, हातही न लावलेले ऑपरेटर मी ऐकले आहेत आणि कोणी अचानक वेगळं काही विचारलं की ते गप्प होतात. पण ४८ तासांत तेच चार शब्द हजारदा पाठवायचे असतात, आणि नियमांचीही त्याला हरकत नाही. पाठवणं यंत्राकडे गेलं म्हणून घेणंही गेलं, असं मात्र होत नाही.

रिपोर्टचंही तसंच. ५९९ म्हणजे स्पष्ट वाचता येणारा, जोरदार आणि शुद्ध सुराचा सिग्नल. कॉन्टेस्टमध्ये अगदी कुजबुजणाऱ्यालाही ५९९ देतात, तेही ९ च्या जागी एन टाकून आखूड करून. ती प्रथा आहे आणि त्यात माहिती शून्य, हे कबूल. पण गुण त्याच्यावर ठरत नाहीत. त्याच्या पुढचा आकडा, म्हणजे झोन, बरोबर लागतो की नाही, यावर ठरतात. झोनचा अंदाज देशावरून बांधता येतो असं कोणी म्हणेल. मग त्याने मे महिन्याच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होणारी डब्ल्यूपीएक्स ही दुसरी स्पर्धा खेळून बघावी, ऐन नवतपात, घरातल्या कूलरच्या मोटारी रिसीव्हरमध्ये खरखरत असताना. तिथे प्रत्येकजण चालू अनुक्रमांक देतो. समोरच्याचा हा ८४३ वा संपर्क आहे की ८४८ वा, हे कोणत्याही डेटाबेसमध्ये लिहिलेलं नसतं. ते ऐकावंच लागतं.

माझा खरा राग आहे तो शेवटच्या सल्ल्यावर. बाकी बरंचसं नुसतं चुकीचं आहे, पण हा सल्ला शिकणाऱ्याचं नुकसान करतो.

ठिपके आणि रेघांचा तक्ता पाठ करणं ही मोर्स शिकायची सगळ्यात वाईट रीत आहे. कारण साध्या गणितात आहे. एका ठिपक्याची लांबी मिलिसेकंदात काढायची तर १,२०० ला वेगाने भागायचं. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाला ठिपका १५० मिलिसेकंदांचा असतो. ‘एच’ म्हणजे चार ठिपके आणि मधल्या तीन मोकळ्या जागा, एकूण सात मात्रा. हे अक्षर त्या वेगाला सेकंदाहून जरा जास्त चालतं. मोजायला वेळ मिळतो, डोक्यातला तक्ता चाळायलाही मिळतो, आणि माणसाला वाटतं की आपल्याला मोर्स येतो. ३५ च्या वेगाला तोच ठिपका ३४ मिलिसेकंदांवर येतो आणि आख्खा ‘एच’ पाव सेकंदाच्या आत संपतो. तिथे मोजणं अशक्य आहे. म्हणून तक्त्यावरून शिकलेली माणसं १० शब्दांच्या आसपास अडकतात, आणि पुढे जायचं तर त्यांना शिकलेलं विसरून नव्याने सुरुवात करावी लागते. तबला शिकणारा बोल तोंडाने म्हणत शिकतो, ‘धा धिं धिं धा’. कागदावर किती ठोके आहेत ते मोजत नाही. मोर्सचंही तसंच. ‘के’ हा डा-डि-डा असा एक आवाज आहे. रेघ, ठिपका, रेघ अशी ती बेरीज नव्हे.

हे काही नवं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी १९३० च्या दशकात मांडलेली पद्धत आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने ऐकायचं, साधारण २० शब्दांनी, पण सुरुवातीला अक्षरं दोनच. बहुतेक ठिकाणी के आणि एम. शंभरात नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं. दुसरी रीत फार्न्सवर्थची : अक्षर वेगाने, पण दोन अक्षरांमधली जागा लांब, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो आणि आवाजाचा आकार बिघडत नाही. ८ शब्दांच्या परीक्षेची तयारी अशीच करावी. एलसीडब्ल्यूओ या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे, आणि पाइलअपचा सराव करायला मोर्स रनर नावाचा प्रोग्रॅमही फुकटच मिळतो.

आणि ‘वेग ३५ वर ठेवा, हाका मारत राहा’ हे तर दुसऱ्यांच्या ताटात माती कालवणं आहे. तुम्ही ज्या वेगाने हाक मारता त्याच वेगाने उत्तर मागता. तुम्हाला १५ चा वेग ऐकू येत असेल तर १५ नेच बोलवा. बहुतेक चांगले ऑपरेटर स्वतःचा वेग उतरवून उत्तर देतात. काही उतरवत नाहीत, हे खरं आहे. त्यांना सोडून पुढे जावं आणि रविवारी संध्याकाळी परत यावं. तोवर मोठ्या स्टेशनांचे नेहमीचे सगळे संपर्क उरकलेले असतात आणि नवा कॉल साइन ऐकला की ते थांबतात, तिसऱ्यांदा विचारलं तरी सांगतात. एकदा हाक मारायची आणि ऐकायचं. समोरून आलेली अक्षरं तुमची नसतील तर गप्प बसायचं. उत्तर दुसऱ्याला चाललं आहे हे न कळता जो बोलत राहतो तो तीन माणसांचा वेळ घालवतो, आणि डीकोडरच्या भरवशावर बसलेल्याला ते कळणं सगळ्यात अवघड.

एफटी८ बद्दल मला भांडायचंच नाही. २०१७ मध्ये आलेली ही पद्धत कानाला ऐकूही येत नाही असा सिग्नल वाचते, तिथे मोर्स मागे पडतो. पण तिची एकेक पाळी १५ सेकंदांची असते, त्यामुळे एका संपर्काला मिनिटभर लागतो. मोर्सवर चांगला ऑपरेटर पाइलअप हातात असताना तासाला दोनशेच्या पुढे जातो. दोन्ही पद्धती एकाच रेडिओवर, एकाच घरात सुखाने चालतात.

भाचीला मी दोनच गोष्टी लिहून पाठवल्या आहेत. तो तक्ता फोनमधून काढून टाक आणि के-एमपासून पुन्हा ऐकायला लाग. नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे शनिवारी पहाटे पाचला ये. लॉग मी लिहीन, दुसरा हेडफोन तू लाव. परवाना आल्यावर स्वतः उतरशील तेव्हा डीकोडर लावावासा वाटला तर लाव, फक्त लॉगच्या वर ‘असिस्टेड’ लिही आणि तो पाच दिवसांच्या आत पाठव.